पंपाचे तास मीच सांगितले

या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय प्राचार्य साहेब. एवढ्या लांबून खास वेळ काढून आलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या, ज्यांना हे सगळं कॉलेज ‘पाण्याच्या बाई’ म्हणून ओळखतं त्या बाई. वसतिगृहाच्या अधीक्षक मॅडम. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं धुरात डोळे चोळलेली माझी स्वयंपाकघरातली माणसं. आणि भाषण कधी संपतंय, जेवण कधी येतंय याकडे कान-नाक दोन्ही लावून बसलेल्या माझ्या मुलामुलींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

एवढं पाठ केलं होतं, ते न अडखळता म्हटलं. पुढचं कागदावर आहे. ग्रंथपाल सरांनी मला आभारांची यादी करून दिली आहे, छान वळणदार अक्षरात, आणि वर बजावलंय, “मावशी, क्रम सोडू नका. निरोपाच्या भाषणात ज्याचं नाव राहतं तो जन्मभर लक्षात ठेवतो.” तेव्हा मी क्रमानेच जाणार. मध्येच फाटे फुटले तर साहेब, घंटी वाजवू नका. एकतीस वर्षं मी तुमच्या घंटीवर वाढलंय, आज एक दिवस मला बोलू द्या.

तर पहिले आभार प्राचार्य साहेबांचे. मी इथे आले ती भांडी घासायला. साहेब तेव्हा नुसते ‘सर’ होते, नवे लागलेले, आणि मेसमध्येच जेवायचे. ताट पुढे करून हळूच म्हणायचे, “मावशी, तळाचा द्या, करपलेला.” आता मोठ्या खुर्चीवर बसून ते मान हलवतायत बघा, पण त्यांना करपट भात आवडतो, हे मी आज जाहीर करून जाते. पुढे मी मुख्य आचारी झाले. धूर बाहेर ओढणारा पंखा हवा म्हणून अकरा अर्ज केले, अकराही केराच्या टोपलीत गेले. बाराव्या वेळी साहेब स्वतः आत आले, चुलींपाशी तीन मिनिटं उभे राहिले, डोळे पुसत बाहेर पडले आणि आठवड्याच्या आत पंखा भिंतीत बसला. साहेब, पंख्याबद्दल आभार. त्या तीन मिनिटांबद्दल जास्त आभार.

दुसरे आभार आमच्या स्टोअरकीपरचे. त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नाही, सगळे ‘तराजू’च म्हणतात. मागे खांबाआड उभे आहेत, बाहेर या हो, आज मी मीठ मागायला आलेली नाही! या माणसानं एकदा ओलसर पिशवीतून मिठाचं वजन करताना पिशवीत मुरलेलं पाणीही वजनात धरलं होतं. मी भांडले. तेव्हा म्हणाले, “मावशी, काट्यावर जे आहे ते सगळं मोजायचं, नाहीतर काही मोजूच नये.” त्या वेळी मी त्यांना मनात फार शिव्या घातल्या. तराजू, त्या शिव्या मी परत घेते.

आता मुलामुलींनो, तुम्ही. तुम्हाला वाटतं मावशी वाढते आणि विसरते. विसरते कसली! ताटं परत ठेवायच्या खिडकीपाशी मी का उभी असते, कधी विचार केलात? ताटात काय उरलं त्यावरून मला माणूस कळतो. पावाच्या कडा टाकल्या, म्हणजे दाढ दुखतेय. तीन दिवस अर्धा भात तसाच परत, म्हणजे कुणाशी तरी बिनसलंय. मग चौथ्या दिवशी मी त्या मुलीला विचारायची, “काय गं, कोण आहे तो गाढव?” आणि ती तिथेच रडायला लागायची. असं सगळं चाललं होतं. या खिडकीतच मला बाई भेटल्या.

आता यादीत चौथं नाव त्यांचंच आहे. प्रमुख पाहुण्यांचे आभार. मानते. पण नीट मानायचे तर काय काय झालं ते सांगावं लागेल.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची जेवणं आटोपली होती, मी ओटा पुसत होते. खिडकीत एक बाई उभ्या, कॉलेजात पाण्याचा अभ्यास करायला आलेल्या, काखेत वही, हातात छोटा वजनकाटा. मला विचारलं, “मावशी, तुमच्या मेसला रोज किती पाणी लागतं?” मी म्हटलं, “टाकी दोनदा भरते.” म्हणाल्या, “ते नाही. ताटातलं पाणी.” मी मनात म्हटलं, आली एक वेडी! डाळीत पाणी असतं, ताटात कुठलं?

पण त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. उलट्या पातेल्यावर बसल्या आणि मला समजावून सांगितलं. एक किलो तांदूळ पिकायला सरासरी अडीच हजार लिटर पाणी जातं. कोंबडीचं किलोभर मांस, चार हजारांच्या वर. ती कोंबडी जे दाणे खाते, त्या दाण्यांना पाणी लागतंच ना? म्हणजे आपण ताटात अर्धा भात टाकला, की नुसता भात नाही टाकला, कुठल्या तरी शेतातलं बादल्यांनी पाणी टाकलं. मी ऐकत राहिले. घरी-दारी मिळून चाळीस वर्षं शिजवतेय आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं! त्या दिवशी भाताचं पातेलं उतरवताना ते मला नेहमीपेक्षा जड वाटलं, खोटं नाही सांगत.

मग आम्ही दोघींनी कामाला हात घातला. रोज दोन्ही वेळचं उष्टं वेगळं काढायचं, मोजायचं, लिहायचं. बाई बाह्या मागे सारून उष्ट्यात हात घालायच्या, त्यांना किळस म्हणून नव्हती. हे मी आजही सांगेन, कुणापुढेही सांगेन. दिवसाला चार बादल्या उष्टं निघायचं. मग आम्ही भिंतीवर फळा लावला, प्रत्येक पदार्थापुढे किती लिटर पाणी ते लिहिलं. तुमच्या आधीची मुलं काय वात्रट होती! “मावशी, आज मला दोन बादल्या भात आणि अर्धी टाकी डाळ.” एक जाडा मुलगा पोटावर हात फिरवून म्हणायचा, “मला धरण म्हणा.” हसत हसत का होईना, मुलं कमी वाढून घ्यायला लागली. मांस आठवड्यातून तीनदाचं एकदा झालं. भाताचं एक आख्खं पातेलं चुलीवर चढायचं बंद झालं, त्या जागी बटाटे आणि भरड धान्य आलं. वर्षभरात चार बादल्यांची एक बादली झाली, तीही अर्धी.

एक गंमत सांगते. त्या फळ्यावर मुलांचा भात होता, मुलांची अंडी होती, पण प्राध्यापकांच्या खोलीतली कॉफी नव्हती. मी विचारलं, “बाई, कॉफीला पाणी लागत नाही होय?” त्या म्हणाल्या, “लागतं हो, एका कपामागे सव्वाशे लिटरच्या वर.” “मग लिहा की!” त्यांनी इकडेतिकडे बघितलं, म्हणाल्या, “मावशी, सगळंच लगेच लिहिता येत नाही.” मी खडू घेतला आणि स्वतः लिहिलं. प्राध्यापक मंडळी महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती. तेव्हा मला त्याचं हसू आलं. तेव्हाच डोकं चालवायला हवं होतं. काय मोजायचं आणि काय सोडायचं हे कुणीतरी ठरवत असतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

आता दादा. माझा सख्खा थोरला भाऊ. यादीत त्याचं नाव नाही, सरांचा दोष नाही, मीच सांगितलं नाही. तुमच्यातल्या जुन्यांनी त्याला पाहिलंय. कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे चढावर त्याचा भाजीचा मळा आहे. वर ओढा, मध्ये दादाचा मळा, खाली आपलं स्वयंपाकघर आणि आपली विहीर, तिच्याही खाली चाळीस घरांची आळी. बावीस वर्षं आपल्या मेसची पालेभाजी, मुळा, गाजर त्याच्याकडून यायचं. सकाळी सहाला ठिबकणारी टोपली खांद्यावर घेऊन मागच्या दाराशी यायचा आणि हाक मारायचा, “चिमे, धर!” साठीला टेकलेल्या बाईला जगात एकच माणूस चिमे म्हणतो. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. माझ्या वेण्या दादानं घातल्यात. वाकड्या घालायचा, पण घालायचा.

बाईंनी एक दिवस विचारलं, “पालेभाजी कुठून येते?” मी छाती फुगवून सांगितलं, “माझ्या दादाकडून!” “तो पाणी किती देतो?” आता मी काय सांगावं? मी भावाची बढाई मारली. म्हटलं, “माझा दादा पाण्याला हात आखडत नाही. एक दिवसाआड सहा तास पंप चालतो, पाट दुथडी भरून वाहतात, वाफे तुडुंब!” बाईंनी लिहून घेतलं. सहा तास.

मी एवढ्यावर थांबले नाही. मी त्यांना हाताला धरून मळ्यात नेलं. दादानं बांधावर पोतं अंथरलं, गाजरं धुऊन दिली. बाईंनी विचारलं, “एवढं पाणी सोडता, वाया नाही जात?” दादा हसला. म्हणाला, “बाई, जातंय कुठं? पीक पितं तेवढं पितं, बाकीचं खाली मुरतं. ओढ्याचं पाणी तसंही वाहूनच जायचं, मी ते जरा अडवून जमिनीला पाजतो. तेच खालच्या विहिरींना लागतं. तुमच्या मेसच्या विहिरीत बघा, माझा पंप चालू असला की दोन दिवसांनी पाणी चढतं.” केवढी मोलाची गोष्ट सांगितली त्यानं! आणि बाई? बाईंनी तोवर पेनाला टोपण लावलं होतं. गाजर खात मान हलवत होत्या.

मी ते पाहिलं. मला वाटलं, शिकलेल्या आहेत, डोक्यात ठेवतील. आणि खरं सांगू? त्याआधी पाचच मिनिटं त्या म्हणाल्या होत्या, “मावशी, अहवालावर तुमचंही नाव घालणार मी.” मी तरंगतच होते. ‘बाई, हे पण लिहा ना’ एवढे पाच शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. कॉफीसाठी खडू उचलणारी मी, भावाच्या वेळी गप्प बसले.

अहवाल आला. वर माझं नाव, छापील. मी तो आळीत घरोघर दाखवला, वहिनीला दाखवला, दादाला दाखवला. दादानं नावावरून बोट फिरवलं. शेवटची पानं मात्र आम्ही कुणी उलटली नाहीत. शेवटी तक्ता होता. ‘स्थानिक पालेभाजी: किलोमागे पाण्याचा वापर सर्वाधिक.’ आणि खाली शिफारस, की ही भाजी बंद करून दोन दिवसांच्या वाटेवरच्या मोठ्या कंपनीची पाकीटबंद भाजी घ्यावी, कारण तिथे नळ्यांनी थेंब थेंब पाणी देतात. देत असतील. पण ते थेंब जमिनीच्या पोटातून किती खोल भोकं पाडून उपसतात, ते तक्त्यात नव्हतं.

त्या शिफारशीवर साहेबांची सही झाली. साहेब, पंख्यासाठी तुम्ही चुलीपाशी तीन मिनिटं उभे राहिलात. भिंतीपलीकडे शंभर पावलांवर मळा होता. तिथे तीन मिनिटं उभं राहायला काय झालं होतं हो?

दादाला पत्र गेलं. त्यातलं वाक्य मला तोंडपाठ आहे. ‘आपल्या भगिनी व आमच्या मुख्य आचारी यांनी दिलेल्या माहितीनुसार, आपल्या भाजीस अवाजवी पाणी लागत असल्याने पुढील सत्रापासून खरेदी बंद करण्यात येत आहे.’ दादा ते पत्र घेऊन मागच्या दाराशी आला. टोपली नव्हती. त्यानं ते वाक्य मला वाचून दाखवलं आणि विचारलं, “तास तूच सांगितलेस?” मी म्हटलं, “हो, पण दादा…” तो म्हणाला, “बरं.” एवढंच. पाठ फिरवून गेला. शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तरी चाललं असतं मला. आज दोन वर्षं होतील, त्यानं मला हाक मारलेली नाही.

भाजी कुजायला लागली, दादानं पंप काढून ठेवला. आता तो एका वखारीवर पहारा करतो. ज्याच्या हाताला चिखलाशिवाय चैन नाही तो माणूस स्टुलावर बसून दारं राखतो! आणि इकडे काय झालं? पहिल्याच उन्हाळ्यात आपल्या विहिरीचा तळ दिसला. आळीतल्या विहिरीवर बायकांची रांग लागली. यंदा तर आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी पाण्याचा टँकर उभा राहिला, तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय तो. पाकिटातली भाजी टँकरच्या पाण्यानं धुतली मी, या हातांनी. पाणी वाचवणारं स्वयंपाकघर म्हणून दारावर पाटी, आणि पाटीखाली टँकर! याला काय म्हणायचं? तुमच्याकडे शब्द असेल, माझ्याकडे आहे तो व्यासपीठावरून बोलण्यासारखा नाही.

मी बाईंना फोन केला. त्या तोवर मोठ्या जागी गेल्या होत्या. म्हणाल्या, “मावशी, तुमचं बरोबर आहे. परत मुरणारं पाणी आपण धरलं नाही. पण आपल्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.” आपण! आपल्या! बाई, त्या अहवालाचं बक्षीस घ्यायला गेलात तेव्हा तुम्ही एकट्या होतात. चूक निघाल्यावर ‘आपण’ झालो? आणि रकाना नव्हता म्हणजे काय? कागदावर एक उभी रेघ ओढली की रकाना होतो. मी तुम्हाला माझं घर उघडं केलं, उष्टं उघडं केलं, सख्खा भाऊ दाखवला. तुम्ही माझ्याच तोंडच्या शब्दानं त्याचा गळा कापलात आणि सुरीवर नाव माझं घातलंत. विश्वासघात म्हणतात याला. मोठा शब्द आहे, पण तोच आहे.

मुलांनो, कुजबुज करू नका, ऐका. याचा अर्थ बाईंनी शिकवलेलं खोटं होतं असा काढाल तर ती दुसरी चूक होईल. ताटात पाणी असतं. उष्टं टाकू नका, भात बेतानं घ्या, मांस कमी खा, मी गेले तरी फळा पुसू नका. फक्त घासामागे किती पाणी गेलं एवढंच विचारू नका. कुठून आलं आणि पुढे कुणाला मिळालं, तेही विचारा. आणि विचारायला जागेवर जा.

साहेब, तुम्ही मला मघाशी हे मानपत्र दिलंत. यावर लिहिलंय ‘अहवालातील मोलाच्या सहभागाबद्दल’. मी हे टेबलावर ठेवते. अपमान म्हणून नाही. मला याच्याऐवजी दुसरं हवंय. येत्या महिन्यात दादा तो मळा गाड्या लावायच्या जागेसाठी देऊन टाकणार आहे, वहिनीनं मला चोरून सांगितलं. एकदा त्यावर डांबर पडलं की मग मुरायचं काही राहिलं नाही. तेव्हा त्याआधी अहवालात दुरुस्ती करा, त्याला तसं पत्र पाठवा, आणि त्याची भाजी पुन्हा सुरू करा. बाई इथेच आहेत, पेनही आहे.

काय म्हणालात साहेब? मोठ्यानं बोला, मागच्यांना ऐकू गेलं नाही. साहेब म्हणतायत, “नंतर बघू.” साहेब, नंतर मी इथे नसणार. आणि बाई, तुम्ही खाली बघताय, बघा. मी उत्तरासाठी अडून बसत नाही, मुलांना भूक लागलीय.

राहिलेल्या सगळ्यांचे, म्हणजे अधीक्षक मॅडम, गॅसवाले, माझ्या हाताखालची माणसं, सफाईवाले, आणि ही यादी लिहिणारे ग्रंथपाल सर, यांचे एका दमात आभार. तुम्ही मला एकतीस वर्षं सांभाळलंत. तुमच्यापैकी कुणाला मी कधी कच्चं वाढलं असेल, टाकून बोलले असेन, तर ते पोटात घाला. आज अध्यक्षांना भर सभेत अडवलं, पाहुण्यांना नको ते सुनावलं, त्याबद्दलही हात जोडते, माफ करा.

पण दादाचे तास सांगितले आणि त्याचं मुरलेलं पाणी सांगितलं नाही, याची माफी तुमच्यापाशी मागून चालायची नाही. मी काल आमंत्रण घेऊन त्याच्या दारात गेले होते. वहिनी बाहेर आली. तो आतच बसून राहिला. तुम्ही चांगली माणसं आहात, आता उठून उभे राहाल, टाळ्या वाजवाल, आणि मला वाटेल झालं, फिटलं. तसं व्हायला नको मला. इथून मी सरळ त्याच्याच दारात जाणार आहे.

म्हणून एवढीच विनंती. टाळ्या वाजवू नका.